सरदारमामूंचा नमदा

"पाणी कोणतं ते आधी सांगा, पाय मग दाखवा."

हर्सूलच्या तलावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर सरदारमामूंचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला मामूंनी वीस वर्षं हेच वाक्य ऐकवलं. गिऱ्हाईक ओळखीचं असो की परकं, घाईत असो की रिकामटेकडं, आधी हे वाक्य आणि मग बाकीचं बोलणं. यंदाच्या पावसाळ्यात त्या वाक्यात थोडी भर पडली. ती भर आमच्या गावच्या ओढ्यानं घातली, म्हणून ही हकीकत सांगायचा मान माझ्याकडं येतो.

मामूंचं दुकान म्हणजे वर दोन पत्रे, समोर एक लाकडी फळी आणि खिळ्यांना टांगलेले बूट. लग्नात घालायचे बूट तिथं मिळत नाहीत, ऑफिसात घालायचेही नाहीत. तिथं मिळतात ते फक्त पाण्यात घालायचे. तलावात जाळं टाकणारे, विहिरीतला गाळ काढणारे, नाल्यात उतरून काम करणारे, सांडव्यावर गळ टाकून बसणारे हौशी लोक, अशी सगळी ओल्या पायांची माणसं मामूंकडं येतात.

दुकानाच्या दारातच एक नळ आहे आणि नळाखाली एक काळा दगड. नळ पुरता बंद होत नाही, मामू होऊ देत नाहीत. थेंबाथेंबानं पाणी पडून दगडावर हिरवं शेवाळ माजलेलं असतं. वरच्या आडव्या लाकडाला घोड्याचा जुना लगाम बांधून खाली सोडलेला आहे. गिऱ्हाइकानं तो लगाम धरायचा, बूट घालून दगडावर चढायचं आणि हात सोडायचा. उभा राहिला तर बूट त्याचा. पाय सरकला तर मामू बूट काढून घेतात आणि दुसरा देतात. एकदा दिवाळीच्या साफसफाईत मामूंच्या बायकोनं, शमशादखालानं, तो दगड घासणीनं लख्ख घासून ठेवला. दोन वर्षांचं शेवाळ गेलं. मामू दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी खालाच तलावावर गेली आणि मूठभर शेवाळ आणून दगडावर लावून आली.

लगाम तिथं आला तो मामूंच्या वडिलांमुळं. स्टेशनवर टांगे उभे राहायचे त्या काळात वडील घोड्यांचं सामान शिवायचे. खोगीर, लगाम, पोटाखालून आवळायचा तंग, आणि खोगिराखाली घालायचा नमदा. नमदा म्हणजे लोकर दाबून दाबून केलेला जाड थर, बोटभर उंचीचा. घोड्याची पाठ सोलू नये म्हणून घालतात. मग रिक्षा आल्या आणि टांगे गेले. वडील गेले ते माळ्यावर नमद्याची चवड ठेवून. पोटासाठी मामू चपला दुरुस्त करायला शिकले. आरी हातात होतीच, घोड्याऐवजी माणसाच्या पायाला लावली.

एकदा मामू तलावाच्या सांडव्यावर मासे धरायला गेले होते. चपलेचा तळ फाटला होता म्हणून त्यांनी घाईत नमद्याचा तुकडा शिवून टाकला होता. शेवाळलेल्या दगडांवर त्यांच्या सोबतचे तिघं एकामागून एक आपटले. मामू उभेच. त्यांना वाटलं, आपलं नशीब. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम त्याच दगडांवर गेले. तिसऱ्या दिवशी एका पायात नमदा आणि एका पायात रबर घालून गेले. रबराचा पाय सरकला, नमद्याचा पाय दगडाला धरून राहिला. ओली लोकर शेवाळातून खाली उतरते आणि दगडाला जाऊन भिडते, हे मामूंना त्या दिवशी कळलं. कुणी शिकवलं नाही, कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. माणूस आपल्या पायानं शिकला.

तेव्हापासून मामू कापडी बुटांना नमद्याचा तळ शिवतात. शाळेतली पोरं घालतात तसला साधा कापडी बूट. चामडं घेत नाहीत, कारण भिजून वाळलं की ते लाकूड होतं. आतून स्पंज भरलेला भारीतला बूटही घेत नाहीत, तो पाणी पितो आणि जड होतो. बुटाच्या दोन्ही अंगांना आरीनं भोकं पाडतात, आत आलेलं पाणी पावलागणिक बाहेर जावं म्हणून. पायाचं माप घेण्याआधी पाय बादलीत बुडवायला लावतात. कोरड्या पायाचं माप कोरड्या रस्त्यासाठी, असं त्यांचं म्हणणं. चपलेबद्दल त्यांचं मत फार वाईट आहे. पाण्यात माणूस एका दिशेला जातो आणि चप्पल दुसऱ्या, असं म्हणून ते विषय संपवतात.

आणि गमबूट पाहिला की मामूंचं डोकं फिरतं. मी दुकानात बसलो असताना आकाश नावाचा कॉलेजचा मुलगा आला होता. नाल्यातले किडे मोजून पाणी चांगलं की वाईट ते ठरवायचं, असलं काहीतरी तो शिकत होता. पायात गुडघ्यापर्यंत नवेकोरे गमबूट.

"मामू, यालाच खाली नमदा लावून द्या ना."

मामूंनी त्याला पायरीवर उभं केलं, बादली उचलली आणि गमबुटात वरून पाणी ओतलं. दोन्ही काठोकाठ भरले.

"अब चल. उस खंबे तक जाके आ."

आकाश चार पावलं गेला आणि पाय ओढायला लागला.

"मामू, लई जड झाले हो!"

"इथं रस्ता आहे बेटा, म्हणून फक्त जड झाले. धारेत पाय घसरला आणि हे भरले, तर तुझे किडे तुझ्यावर बसून मोजणी करतील."

मुलगा कापडी बूट घेऊन गेला. असा मामूंचा रुबाब. वीस वर्षांत एकही बूट परत आला नव्हता.

तो परत आला माझ्या चुलत भावजयीच्या हातून.

चतुरावहिनी आमच्या ओढ्यापलीकडच्या वस्तीवर अंगणवाडी चालवते. आमचं गाव चितेगावच्या पलीकडं, पैठण रस्ता सोडून आत. गाव आणि वस्तीच्या मध्ये ओढा. ओढ्यातून गेलं तर पाऊण तासाची वाट, रस्त्यानं फिरून गेलं तर अकरा किलोमीटर. वस्तीवर चौदा पोरं. गेल्या पावसाळ्यात वहिनी ओढ्यातल्या दगडावरून घसरली, डावं मनगट मोडलं आणि अंगणवाडी दोन महिने बंद राहिली. हात जुळला, पण मनातली भीती तशीच राहिली. यंदा पाणी वाढलं तशी ती काठावर जाऊन उभी राहायची आणि मला फोन करायची. मी मोटारसायकलवरून फिरून नेऊन सोडायचो. पण माझी गाडी आणि मी रोज रिकामे नसतो. कधी दार अकराला उघडायचं, कधी बाराला.

मग तपासणीच्या मॅडमनी सांगितलं, "चतुराबाई, मी शुक्रवारी ओढ्यावरच येते. तुम्ही रोज कशा येता ते मला डोळ्यांनी बघायचंय. परत हात मोडला तर जबाबदारी कुणाची? पावसाळाभर झेपणार नसेल तर पोरं गावातल्या अंगणवाडीत घालू."

मॅडमचं बोलणं रास्त होतं. पण गावातली अंगणवाडी म्हणजे तोच ओढा, आणि तो तीन-चार वर्षांच्या पोरांनी ओलांडायचा. कोणती आई पाठवणार? चौदा पोरं घरीच बसणार, हे वहिनीला ठाऊक होतं आणि मलाही.

रविवारी मी तिला गाडीवर बसवलं आणि हर्सूलला आणलं.

"पाणी कोणतं ते आधी सांगा, पाय मग दाखवा," मामू म्हणाले.

"बाटलीत भरून आनायचं व्हतं का?" वहिनीनं विचारलं.

आतून शमशादखालाचं हसू ऐकू आलं. मामू हसले नाहीत. मी मोबाईलवर ओढ्याचा व्हिडिओ दाखवला. मामूंनी तो तीनदा बघितला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"दगड गोल आहेत. हिरवे आहेत. धार मध्यम. खोल किती?"

"गुडघ्याच्या खाली चार बोटं."

"आणि गुडघ्याच्या वर चढलं तर?"

"मंग कोन उतरतंय? फिरून जाते. उशीर व्हतो, पर जाते."

"सही बोली. वेगळं बोलली असतीस तर बूट दिला नसता," मामू म्हणाले आणि त्यांनी बादली पुढं सरकवली.

पाय भिजवला, माप झालं, खिळ्यावरचा एक जोड उतरला. वहिनी आधी आपल्या प्लॅस्टिकच्या चपलेनं दगडावर चढली आणि लगामाला लोंबकळली. मग नमद्याचे बूट घालून चढली. बराच वेळ लगाम धरून उभी राहिली. मग एक बोट सोडलं, मग दुसरं, मग सगळा हात. थोड्या वेळानं ती दगडावरच जागच्या जागी वळली आणि माझ्याकडं बघायला लागली. वर्षभरात मी तिचा तसा चेहरा पाहिला नव्हता.

"भाऊजी, हलंना की वो पाय!"

दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, तीच वहिनी चिखलानं माखून माझ्यासोबत पुन्हा त्याच दुकानात उभी होती. फळीसमोर तलावावरचे दोन मासेवाले बसले होते. वहिनीनं त्यांच्या मधोमध बुटांचा जोड आपटला. बूट दिसतच नव्हते. काळ्या मातीचे दोन गोळे होते, एकेक दोन-दोन किलोचा.

"हे घ्या मामू तुमचे हत्तीचे पाय."

मामूंनी गोळ्याकडं बघितलं. "पाण्यात घसरलीस?"

"पान्यापत्तूर पोचले असते तर घसरले असते ना! काठावरूनच गेले खाली, बसल्या बसल्या. पोरांच्या खाऊचा डबा गेला व्हावून. फिरून गेले तर बारा वाजले, पोरं घरला निघून गेलेली."

"मी तुला पाणी विचारलं होतं..."

"आन मी पानीच दावलं. मधी रान हाय, ते तुमी इचारलंच नाय. पान्यापत्तूर काय उडून जाऊ?"

मासेवाल्यांनी एकमेकांकडं बघितलं. आतून खाला म्हणाली, "अब जवाब देव."

 मामूंनी मातीच्या गोळ्यात अंगठा घातला आणि ओढला. माती अंगठ्याबरोबर आली, लोण्यासारखी ताणत. वीस वर्षांत मामूंकडं आलेली सगळी माणसं तलावाची, सांडव्याची, खडकाळ नाल्यांची. हर्सूलकडचे काठ मुरमाचे, पाय ठेवला की घट्ट. काळ्या रानातलं माणूस मामूंकडं कधी आलंच नव्हतं, कारण आमच्याकडं ओढा ओलांडायला कुणी बूट विकत घेत नाही. आमची माणसं अनवाणी जातात आणि पडली तर पडतात. काळी माती नमद्यात शिरली की लोकर नाहीशी होते, खाली उरतो तो साबण. ही गोष्ट आमच्या गावातल्या कुणाही बाईनं बूट हातात घेताच सांगितली असती. पण वहिनी त्या दिवशी दगडावर उभी राहण्याच्या आनंदात होती आणि मी व्हिडिओ काढताना पाण्याशिवाय दुसरं काही दाखवलंच नव्हतं.

"शुक्रवारी मॅडम येनार," वहिनी आता हळू बोलली. "त्या दिशी मी काठावरून घसरगुंडी खेळत खाली गेले तर संपलं सगळं. कुलूपच."

मामू उठले. त्यांनी ते गोळे तसेच, न धुता, पोत्यात घातले.

"उद्या मी येतो. तुझं रान बघतो."

"या. येताना दुसरा पायजमा आना संगं."

मामू मंगळवारी आले. मी त्यांना चितेगावच्या फाट्यावरून आणलं. पांढरी टोपी, पांढरा पायजमा, पांढरा सदरा, पायात नवा नमदा. ओढ्याच्या काठावर मी हात पुढं केला तर म्हणाले, "मत पकडो. मैं बच्चा नहीं."

तीन पावलं गेले. चौथं पाऊल त्यांनी टाकलं नाही, ते आपोआप गेलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस काठावरून बसल्या बसल्या थेट पाण्याच्या कडेला जाऊन थांबला. पलीकडं वस्तीची पोरं उभी होती. त्यांना वाटलं हा आपल्यासाठीच केलेला खेळ आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि एकानं ओरडून सांगितलं, "आजोबा, अजून एकदा!"

"पायजमा आनला का मामू दुसरा?" वहिनीनं वरून विचारलं.

मामू उठले नाहीत. जिथं बसले होते तिथंच त्यांनी बूट काढले आणि तळ उलटा करून बघितला. चार पावलांत चार बोटं माती चढली होती. ती त्यांनी चामडं कापायच्या रापीनं थराथरानं सोलली. मग वर बघून म्हणाले, "बाई, तू चल. बूट नको. तू जन्मभर जशी चाललीस तशी चल."

वहिनी अनवाणी उतरली. पदर खोचलेला, हात मोकळे. तिच्या पायाची बोटं पसरायची, मातीत रुतायची, आणि मगच टाच खाली यायची. एकेक बोट मातीशी बोलल्यासारखं खाली जायचं. ती खाली आली, वर गेली, परत खाली आली. एकदाही सरकली नाही. मामूंनी तिला असं चारदा चालवलं. ते तिच्या चेहऱ्याकडं बघत नव्हते, फक्त पायांकडं बघत होते, जसे त्यांचे वडील घोड्याच्या चालीकडं बघत असतील.

"आता पाणी."

वहिनी पाण्यात उतरली. पहिला दगड ओलांडला. दुसऱ्या दगडाशी थांबली. तिचा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर गेला आणि तिथंच घट्ट धरून राहिला. 

"वहीं गिरी थी?"

तिनं मान हलवली.

"ये वापस," मामू म्हणाले. ती काठाला आली तेव्हा ते उभे राहिले होते. पायजमा काळा, सदरा काळा, पण आवाज दुकानातलाच. "ऐक. चिखलात माझा बूट नको. पाण्यात तुझा पाय नको. बस, एवढंच आहे."

"म्हंजी दर बारीला काढायचा आन घालायचा? चार बाऱ्या रोज?"

"चार वेळा. काठावर तो सपाट दगड आहे ना, त्यावर बसायचं, पाय धुवायचे, घालायचे. पलीकडं तसंच काढायचे."

"तेवढ्यात नाड्या बांधीत बसले तर पोरं म्हातारी व्हतील वो मामू."

 फाट्यापर्यंत गाडीवर मागं बसून मामू स्वतःशीच बोलत होते, आणि त्यांच्या ओल्या बुटाच्या नाड्या माझ्या गुडघ्यावर आपटत होत्या.

बुधवारी मी त्यांच्या दुकानात गेलो. एक विहिरीवाला आला होता. मामूंनी त्याला विचारलं, "पाणी कोणतं, आणि पाण्यापर्यंतची वाट कोणती, ते आधी सांगा." विहिरीवाला गोंधळला. विहिरीपर्यंतची वाट बूटवाल्याला कशाला हवी, हे त्याला कळेना. मामूंनी मात्र उत्तर मिळेपर्यंत त्याला बादलीत पाय घालू दिला नाही.

फळीवर वहिनीच्या मापाचा नवा बूट होता. मामूंनी त्याला चिकटपट्टी लावली होती, काढायला आणि लावायला सोपी. खाला चहा घेऊन बाहेर आली आणि तिनं तो बूट उचलला.

"ये गीली हुई तो पकडेगी क्या?"

मामूंनी बूट बादलीत बुडवला, वाळू लावली, पट्टी दाबली. पट्टी धरेना. मग त्यांनी नाडीला लांब टोक ठेवून गाठ मारून दाखवली. खालानं मान हलवली.

"तुम देखे नहीं. रविवारी मी तिला कप दिला तर तिनं दोन्ही हातांनी धरला. तिच्या डाव्या हातात जोर नाही. गाठ आवळायला दोन हात लागतात."

 वीस वर्षं पाय बघणाऱ्या माणसानं हात बघितला नव्हता. खालानं आपली ओढणी काढली, तिनं स्वतःचा डावा हात पाठीशी बांधून घेतला आणि पायरीवर बसली.

"अब बनाओ. मेरे एक हाथ से लगा, तो उसके बी लगेगा."

मामू माळ्यावर चढले. खाली आले ते वडिलांच्या हातचा एक तंग घेऊन, घोड्याच्या पोटाखालून आवळायचा चामडी पट्टा, दोन टोकांच्या दोन पितळी बकलांसकट. भिजलेलं चामडं वाळून लाकूड होतं म्हणून पट्टा त्यांनी बाजूला ठेवला आणि फक्त बकला काढून घेतल्या. एकीत रिक्षाच्या हुडाला असतो तसला जाड पट्टा ओवला. घोड्याचा तंग एका हातानं, एका ओढीत आवळता यायला लागतो, कारण दुसऱ्या हातात लगाम असतो. मामूंनी बुटाची मागची बाजू उघडी केली, पाय मागून सरकावा अशी, आणि टाचेवरून पट्टा फिरवून बकलेत घातला.

खालानं पाय सरकवला. पट्टा ओढला. बकल खट्ट वाजली. ती दगडावर चढली, लगाम न धरता उभी राहिली आणि म्हणाली, "हौ."

पहिला तळ तिला जरा मागं सरकल्यासारखा वाटला म्हणून मामूंनी तो उसवला. गुरुवारचा दिवस दुसरा तळ शिवण्यात आणि दुसरा बूट तयार करण्यात गेला. खालाचा हात दुपारपर्यंत पाठीशी बांधलेला होता. शेजारची लुबना तिला बघून विचारून गेली, "खाला, हात कू क्या हुआ?" खाला म्हणाली, "कुछ नहीं, उधार दी."

शुक्रवारी सकाळी ओढ्याला गुडघ्याच्या खाली चार बोटं पाणी होतं. रात्री सर येऊन गेली होती, काठ लोण्यासारखे झाले होते. पलीकडं मॅडमची जीप फिरून आलेली, मॅडम छत्री घेऊन उभ्या. चौदा पोरं अंगणवाडीच्या बंद दारासमोर ओट्यावर ओळीनं बसलेली. अलीकडं मी, मामू आणि वहिनी. मामूंनी बूट तिच्या हातात दिले.

वहिनीनं बूट गळ्यात अडकवले. डबा कमरेला बांधला. अनवाणी काठ उतरली, बोटं पसरत, टाच नंतर. सपाट दगडावर बसली. पाय पाण्यात खळबळले. उजवा बूट, एक ओढ, खट्ट. डावा बूट, एक ओढ, खट्ट. डावा हात तिनं मांडीवर नुसता ठेवला होता.

ती उठली. पहिला दगड. दुसऱ्या दगडाशी थांबली.

पलीकडून मॅडम म्हणाल्या, "जमत नसेल तर राहू द्या चतुराबाई."

 वहिनीचा उजवा हात डाव्या मनगटाकडं निघाला आणि मध्येच थांबला. तिनं पाय उचलला आणि हिरव्या दगडावर ठेवला. दाबून बघितला. सगळं अंग त्या पायावर टाकलं. पाय तिथंच राहिला. पाणी पिंढरीला वळसा घालून पुढं गेलं. मग तिसरा दगड, चौथा, आणि पुढचे दगड मी मोजले नाहीत, कारण तीही मोजत नव्हती.

पलीकडं ती बसली, एका हातानं दोन्ही बकला सोडल्या, बूट गळ्यात घातले आणि अनवाणी काठ चढून गेली. कुलूप उघडलं तेव्हा मॅडमनी घड्याळ बघितलं. दहाला सात मिनिटं होती.

"रोज असंच?"

"रोज असंच. पानी गुडघ्याच्या वर गेलं तर नाय. मंग फिरून येते आन तुमाला फोन करून सांगते."

मॅडमनी तिच्या गळ्यातला बूट हातात घेतला, उलटा केला, नमद्यावर बोट फिरवलं. मग तो परत दिला आणि वही काढून त्यात लिहिलं. आवाज पाण्यावरून स्पष्ट आला, "अंगणवाडी इथंच राहू दे."

पोरं आत शिरली नाहीत. त्यांनी अलीकडं मामूंना ओळखलं होतं.

"आजोबा, घसरा ना!"

मामूंनी हात वर करून त्यांना नाही म्हणून सांगितलं. वहिनीनं ओरडून चहाला बोलावलं, तेव्हा म्हणाले, "दुकान उघडायचंय. आज तीन जोड न्यायला येणार आहेत." मी गाडीला किल्ली लावली तर त्यांनी तीही नको म्हटली. फाटा चार किलोमीटर होता आणि मधलं सगळं रान काळं होतं.

त्यांनी आपल्या पायातले बूट काढून पिशवीत घातले, पायजमा पोटऱ्यांपर्यंत दुमडला आणि बांधावरून चालायला लागले. पहिली दहा पावलं फार हळू. हात दोन्हीकडं पसरलेले, मान खाली, पायाची पांढरी बोटं मातीत दाबून बघत, सरकली तर थांबत. मग हात जरा खाली आले. तुरीच्या तासांमधून त्यांची पांढरी टोपी सरळ पुढं जात राहिली. पलीकडच्या ओट्यावर चौदा पोरं ती बघत उभी होती, त्यांच्या मागं मॅडम, आणि दारात चतुरावहिनी, उघडलेलं कुलूप अजून हातातच धरून.